देवराईतला धनेश आणि रक्ताचे नाते



गाय फळवायची झाली की तिच्याच पोटचा पाडा आपण लावीत नाही. दुसऱ्या गावचा वळू पाहतो. जवळच्या रक्तात वीण झाली की वासरे अशक्त निपजतात, हे वाडवडिलांनी अनुभवाने ओळखले होते. रानातल्या पाखरांनाही हाच नियम लागू आहे. मात्र त्यांना वळू बदलून देणारा धनी नाही!

रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर-देवरुखच्या बाजूला, देवरायांतून महाधनेश आणि ककणेर हे पक्षी दिसतात. जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते. एका फटीतून नर तिला फळे भरवतो. महाधनेशाच्या जोडीचे वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू उडते.

आता हिशेब करून पाहा. समजा, रानात शंभर धनेश आहेत, पण ढोल्या दहाच. मग वीण दहा जोड्यांचीच होणार आणि पुढची सारी पिढी त्या वीस पक्ष्यांच्या रक्ताची. डोळ्यांना थवा मोठा दिसतो, पण रक्ताच्या हिशेबाने तो लहान असतो. हे डोळ्यांना न दिसणारे आनुवंशशास्त्र दाखवते. गळलेल्या पिसाच्या मुळाशी पक्ष्याचे डीएनए असते. ते तपासले की कोण कोणाचा नातलग आणि दोन रानांतले पक्षी एकमेकांत मिसळतात की नाही, ते कळते.

सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाकडे, शोला जंगलांतल्या छोट्या निळ्या पक्ष्यांची अशी तपासणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, माणसाने मधले रान तोडल्याचा परिणाम या पक्ष्यांच्या रक्तातही उमटलेला दिसला.

असे तुटलेपण वाढले तर काय होते? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात माळावरची प्रेअरी कोंबडी १९६२ साली सुमारे २००० होती. १९९४ पर्यंत ती पन्नासाच्याही खाली आली. अंडी घातली जात, पण पूर्वीइतकी उबत नसत. १९९२ पासून दुसऱ्या राज्यांतून पक्षी आणून सोडले, तेव्हा अंडी पुन्हा चांगली उबू लागली. म्हणजे नवे रक्त मिळाले आणि वंश सावरला.

धनेशाचे पंख मोठे. तो दूरवर उडतो, वड-उंबराची फळे खाऊन बिया रानभर पेरतो. त्याची अडचण उड्डाणाची नाही, ढोलीची आहे. दीडशे वर्षांचा बेहडा एका सकाळी आडवा होतो. तशी ढोली पुन्हा तयार व्हायला आपल्या नातवंडांचेही आयुष्य पुरायचे नाही.

म्हणून एवढे करा. देवराईतले पोकळ, म्हातारे झाड ‘कुचकामी’ म्हणून विकू नका. गुरुजी, मुलांना घेऊन गावातल्या ढोल्यांची यादी करा, पण विणीच्या दिवसांत जवळ जाऊ नका. पीस सापडले तर तिथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बाळगण्यास मनाई आहे. घरटे दिसले तर वनखात्याला कळवा.

देवाच्या नावाने राखलेले रान पाखरांच्या वंशालाही राखते. एक ढोली वाचली, तर एका जोडीचे रक्त पुढच्या पिढीत उतरते.