वारा पडला की चावा
शेळी-मेंढीचं आरोग्य : लेखांक ६

गेल्या आठवड्यात गोचिडांचं पाहिलं. गोचीड निदान हाताला लागतो, ओढून काढता येतो. आजचा कीटक जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचा, मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत शिरणारा. आपण त्याला चिलट म्हणून सोडून देतो. शास्त्रातलं नाव क्युलिकॉइडिस. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं.

भाद्रपद-आश्विनात पाऊस उघडीप देतो, ऊन तापतं, जमीन मात्र ओली असते. सीना-कोळेगाव किंवा निम्न तेरणा धरणाच्या काठचा गाळ, गोठ्यामागे मुताचं पाणी साचतं ती जागा, उकिरड्याची ओली कड, अशा शेण मिसळलेल्या चिखलात याच्या अळ्या वाढतात. म्हणजे चावणारं चिलट बहुधा आपल्याच दारचं असतं.

नुसता चावा असता तर इतकं लिहायचं कारण नव्हतं. हाच कीटक निळ्या जिभेच्या रोगाचा विषाणू एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतो. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली आणि ती महाराष्ट्रातच. मेंढीला ताप चढतो, ओठ-जीभ सुजते, नाकाला खपल्या धरतात, खुराच्या वरची कड लाल होऊन ती लंगडते. जीभ निळी पडतेच असं नाही. तोंड आणि खूर दोन्ही बिघडल्याने लाळ्या-खुरकुताशी गल्लत होते, म्हणून अंदाजाने औषध न देता पशुवैद्यकाकडून रक्ताचा नमुना तपासून घ्यावा. हा रोग माणसाला होत नाही.

आपली उस्मानाबादी शेळी यात सहसा फारशी आजारी दिसत नाही. मला धोका इथेच वाटतो. विषाणू रक्तात असूनही ती चरते, रवंथ करते. संध्याकाळी तिला चावलेलं चिलट काही दिवसांनी शेजारच्या मेंढीला चावतं. शेळ्या-मेंढ्या एकत्र बांधणाऱ्यांनी शेळी धडधाकट दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

या कीटकाचं एक दुबळेपण आहे. त्याला वारा सोसत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात याच कुळातलं चिलट उन्हाळ्यात थव्याथव्याने चावतं, इतकं की कडे चढणारे गिर्यारोहक दिवसाची चढाई वारा पाहून ठरवतात. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या पुढे वारा गेला की ते फारसं उडत नाही. म्हणून तिथले लोक घळी आणि झाडीतले ओलसर कडे टाळून वाऱ्यावरची धार धरतात, पहाटे-संध्याकाळी डोक्यावर अगदी बारीक विणीची जाळी घालतात आणि मुक्काम पाण्यापासून लांब टाकतात. त्यांना चाव्याचा त्रास, आपल्याला कळपाची काळजी. पण कीटकाचा स्वभाव एकच.

बालाघाटच्या माथ्यावर वाडा बसवणारा धनगर उंच, मोकळी जागा निवडतो, ती या दृष्टीनेही योग्यच. ज्यांचा गोठा खोलगट जागी आहे त्यांनी दिवस मावळायच्या आत कळप ओढ्याकाठून वर आणावा आणि संध्याकाळी जनावरांवर साधा पंखा सोडावा. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर जळेपर्यंतच कामाचा. कोंदट गोठ्यात तो करडांच्या छातीत भरतो, तेव्हा बेतानेच करावा. फवारणीचं औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच वापरावं. मूळ काम फावड्याचं आहे: मुताला उतार देऊन चर काढणं, पाण्याच्या हौदाखालचा चिखल मुरूम टाकून कोरडा करणं, शेण रोजच्या रोज लांब नेणं.

लस उपलब्ध आहे. विषाणूचे वीसहून अधिक प्रकार आहेत आणि भारतीय लस त्यांतल्या पाचांवर चालते. अंगात प्रतिकारशक्ती यायला काही आठवडे लागतात, म्हणून चौकशी पावसाळ्याआधीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी, आणि कळपात गाभण मेंढ्या किती आहेत ते तेव्हाच सांगावं.