कुष्ठरोग : नसांचा आणि मनाचाही

कुष्ठरोगाकडे आपण त्वचेचा आजार म्हणून पाहतो. खरा घाव बसतो नसांवर. कोपराजवळची अल्नर नस दुखावली की पंजाचे स्नायू वाळतात, करंगळी आणि अनामिका आत वळतात. सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी जंतू मरतात, जुना अधूपणा मात्र राहतो. नवा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आत लक्षात आला, तर स्टेरॉइडने बळ परतू शकतं. म्हणून सदऱ्याचं बटण लावणं अवघड होऊ लागलं, तर तपासणी लांबवू नका.

वर्ध्याने या दुखण्याची मनाची बाजू फार लवकर ओळखली. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. तिथे रुग्ण शेतीत राबत, सूत कातत. म्हणजे उपचाराबरोबर त्यांच्या हाताला कामही होतं. सेवाग्राममध्ये गांधीजी संस्कृतचे जाणकार परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत, अंगाला मालिश करत. ज्यांना समाजाने शिवणं सोडलं होतं, त्यांच्यासाठी तो स्पर्श औषधाइतकाच मोलाचा होता, असं मला ठामपणे वाटतं.

कायदा मात्र रेंगाळला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत कायद्यात होतं! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्ती आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजाराचे रुग्ण एकाच गटात, चलनविषयक दिव्यांगत्वात येतात. एकटेपणा आणि खचलेपण दोघांच्याही वाट्याला येतं. मन मोकळं करायला टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीतूनही बोलता येतं.