हातचा विसरणारी मुलं

मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये ‘वर्किंग मेमरी’ची मांडणी केली, ती हातातलं काम उरकेपर्यंत लागणाऱ्या स्मरणशक्तीची. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांच्यामुळे १९६३ पासूनच रुळला होता. पण डिस्लेक्सियाचा, म्हणजे त्यातल्या वाचनाच्या अडचणीचा, अभ्यास अक्षर आणि ध्वनी यांच्या नात्याभोवती फिरत राहिला, आणि तो योग्यच होता. दोन्हीकडचे अभ्यासक बराच काळ आपापल्या वाटेने गेले.

२००० साली अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी विचार आणि वागणं ताब्यात ठेवणाऱ्या ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’मधल्या तीन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या: ऊर्मी आवरणं, नियम बदलला की वळणं, मनातली माहिती ताजी ठेवणं. सत्तेचाळीस अधिक अडतीस करताना तिसरी पणाला लागते. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. पुढची बेरीज होईपर्यंत तो एक निसटला की उत्तर येतं पंचाहत्तर. मुलाला बेरीज येत असते. वहीवर शेरा मात्र ‘लक्ष नाही’. इंग्लंडमध्ये सुझन गॅदरकोल यांनाही हेच दिसलं. अशा मुलांबद्दल शिक्षक स्मरणशक्तीचं नाव क्वचितच काढत, लक्ष नसल्याचीच तक्रार करत.

मग स्मरणशक्तीलाच व्यायाम देऊ, अशी टूम निघाली. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या कामातून संगणकावरचे सराव आले नि जगभर विकले गेले. २०१३ मध्ये मेलबी-लेरवाग आणि ह्यूम यांनी अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. मुलं सरावासारख्या चाचण्यांत पुढे गेली होती, वाचन आणि गणित मात्र होतं तिथेच. मला यात नवल वाटत नाही. कच्ची वर्किंग मेमरी आणि अभ्यासातली अडचण या दोन गोष्टी सोबत आढळतात म्हणून एक सुधारली की दुसरी सुधारेलच, हे कुणी सिद्ध केलं होतं?

महाराष्ट्राने १९९६ मध्ये, देशात सर्वांत आधी, ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या भाषेतून सूट. सावकाश वाचणाऱ्याला त्यांचा मोठाच आधार झाला. पण पायरी विसरणाऱ्या मुलाला त्याआधीची वर्षं काढायची असतात. एका वेळी एकच सूचना, फळ्यावर राहू दिलेल्या पायऱ्या, दशकाच्या डोक्यावर लिहू दिलेला हातचा, हे कुठल्याही सवलतीत बसत नाही. ते वर्गातल्या बाईंवर सोपवलेलं आहे.