बंदुकीचे वजन नेमके कुठे उतरते

देवगिरीच्या किल्ल्यात चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके, अंगावर औरंगजेबाचे नाव आणि ‘किल्ला शिकन’ हा किताब. पर्यटक मुंडक्यापाशी फोटो काढून पुढे ‘अंधारी’ या भुयाराकडे वळतात. पण बुडापासून तोंडापर्यंत तोफेवर नजर फिरवली, तर तिच्या ओतकामामागचा हिशेब समजतो. दारू जिथे पेटते तिथे घेर मोठा, तोंडाकडे तो कमी होत जातो. धातू महाग, आणि तो वाहून नेणे त्याहून महाग. म्हणून जिथे दाब, तिथे जाडी.

आजच्या रायफलचे वजन कमी करायचे, तर सुरुवात याच हिशेबापासून करावी लागते. ५.५६ मिलिमीटरचे काडतूस पेटते तेव्हा चेंबरमधला दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या वर जातो. लागोपाठ काही मॅगझिन झाडल्या की नळीचे तापमान २०० अंश सेल्सिअस ओलांडते. नायलॉन-६ वितळते २२० अंशांना, आणि मऊ पडते त्याच्या कितीतरी आधी. नळी, चेंबर आणि बोल्ट पोलादाचेच राहतात ते यामुळे. कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळ्या बाजारात आहेत, पण त्यांच्याही पोटात पोलादाची नळी असते. बाहेरचे आवरण तिला ताठपणा देते, दाब आणि आग आतले पोलादच झेलते.

मग वजन उतरवायचे कुठून? लाकडी दस्ता काढून प्लास्टिकचा बसवला की बंदूक हलकी होते, असा सर्वसाधारण समज आहे. घनतेचे आकडे त्याला दुजोरा देत नाहीत. अक्रोडाचे लाकूड पाण्यापेक्षा हलके, साधारण दोन-तृतीयांश. काचतंतू मिसळलेले नायलॉन पाण्याच्या १.४ पटीच्या आसपास, म्हणजे लाकडाच्या दुप्पट जड. प्लास्टिकचा दस्ता हलका होतो तो केवळ आतून पोकळ, पातळ भिंतींचा आणि रिब देऊन घडवता येतो म्हणून. त्याची मोठी कमाई वेगळीच आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, नळीला टेकते आणि नेम सरकतो. तो त्रास संपला. वजनाची खरी बचत पोलादाची जागा दुसऱ्या कशाने घेतली तरच होते. पोलाद पाण्याच्या ७.८ पट जड, अॅल्युमिनियम २.७ पट, आणि कार्बन फायबर-इपॉक्सी १.६ पटीच्या आसपास.

नुसता दस्ता बदलून वजन उतरत नाही, हे आपल्या सैन्याच्या रायफलींची वजने शेजारी शेजारी ठेवली तर पटते. जुनी पॉइंट थ्री-नॉट-थ्री चार किलोंच्या आसपास. लाकडी दस्त्याची ७.६२ मिलिमीटरची इशापूर रायफल सव्वाचार किलोंच्या पुढे. त्यानंतर पुण्याच्या पाषाण भागातील एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आखलेली इन्सास, पॉलिमरचा दस्ता घेऊनही, पुन्हा चार किलोंच्या थोडी वरच. जवानाच्या पाठीवरचे ओझे उतरले ते काडतुसामुळे. ७.६२ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, ५.५६ चे सुमारे १२. शंभर काडतुसांमागे सुमारे १.२ किलो वाचले. एवढी बचत दस्त्याचे साहित्य बदलून कधीच झाली नसती.

शिवाय हलकेपणाची किंमत खांद्याला मोजावी लागते. गोळी तीच ठेवून चार किलोंची रायफल तीन किलोंची केली, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. दुसरी गोळी नेमावर आणायला मग जास्त वेळ लागतो. म्हणून नुसता वजनाचा आकडा दाखवून ‘आमची बंदूक सर्वांत हलकी’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर मी विश्वास ठेवत नाही.

साहित्याची खरी परीक्षा हवामान घेते. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासच्या प्लास्टिकच्या मॅगझिन थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या. मॅगझिन म्हणजे बंदुकीचा सर्वांत स्वस्त भाग, पण तो तडकला की बाकीचे पोलाद निरुपयोगी. जर्मनीला उष्णतेने गाठले. तिथल्या जी-३६ रायफलचे शरीर पॉलिमरचे आणि नळी धरणारा धातूचा भाग त्या पॉलिमरमध्येच रुतवलेला. बंदूक तापली की नेम सरकतो, असा अहवाल आल्यावर २०१५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी या रायफलला आहे त्या रूपात भविष्य नसल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयाने मात्र रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने कौल दिला, कारण करारात मागितले होते ते तिने दिले होते. जर्मन सैन्याने पुढे निवडलेल्या रायफलचे शरीर अॅल्युमिनियमचे आहे. मला या प्रकरणात पॉलिमरइतकाच करारही दोषी दिसतो. तापलेल्या बंदुकीचा नेम किती सरकलेला चालेल, हे खरेदीपूर्वीच पुरेसे काटेकोरपणे लिहून घ्यायला हवे होते.

या पार्श्वभूमीवर ‘अस्मी’ मला शहाणपणाची रचना वाटते. महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी चार महिन्यांत तयार केलेले हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याचा वरचा रिसीव्हर विमानासाठी वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. बोल्ट मागेपुढे धावतो, नळी तापते ती वरच्या भागात. खाली चाप, मूठ आणि मॅगझिन. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा दाबही रायफलपेक्षा बराच कमी. कार्बन फायबर बसवायला जागा अचूक निवडली आहे. चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केले. २०२४ मध्ये सैन्याने ५५० नग मागवले, ते हैदराबादला तयार झाले.

आता असे पॉलिमरचे भाग घडवण्याचे ज्ञान जिथे आहे, त्या छत्रपती संभाजीनगरकडे वळू. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आसऱ्याने डाय-कास्टिंग, मोल्डिंग आणि टूल रूमचे जाळे पसरले. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, सिपेट ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्थाही आहे. इथल्या इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर काचतंतूचे नायलॉन रोजचे आहे. दाणे हॉपरमध्ये टाकण्याआधी तासन्‌तास वाळवावे लागतात. ओल राहिली तर पार्टवर चंदेरी रेघा उमटतात, आणि ताकद गेलेली असते ती वेगळीच. साच्यात पिनेला वळसा घालून आलेले दोन प्रवाह पलीकडे भेटतात तिथे वेल्ड लाइन पडते. काचेचे तंतू ती ओलांडत नाहीत, तिच्या कडेने आडवे पडून राहतात. चांगला ऑपरेटर गरम पार्ट ट्यूबलाइटखाली तिरपा धरतो, केसासारखी बारीक रेघ शोधतो आणि टूल रूमला सांगतो, ‘गेट सरकवा’, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरते ते तोंड. मग ती रेघ जिथे भार पडत नाही अशा जागी ढकलली जाते.

मॅगझिनचे ओठ, दस्त्याचा सांधा, धातूचा इन्सर्ट आणि त्याभोवतीचे नायलॉन, पॉलिमरची बंदूक टिकते की तडकते हे ठरते ते याच जागांवर. धातू आणि पॉलिमर तापल्यावर वेगवेगळ्या मापाने फुगतात, त्यामुळे इन्सर्ट कालांतराने सैल होतो. दुचाकींचे पार्ट करणाऱ्यांना हा त्रास तोंडपाठ आहे. एआरडीईचे आरेखन आणि या शहराचे साच्यांचे ज्ञान एका टेबलावर यायला हवे, आणि तेही साचा कापण्याआधी. सियाचीनच्या उणे पन्नास अंशांत आणि मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत एकच मॅगझिन चालवायची असेल, तर गेट कुठे ठेवायचा हा प्रश्न टेंडर निघण्यापूर्वी सुटलेला हवा.