अल ऐन म्हणजे दुबई नव्हे

अल ऐनला शिकायला निघालेल्या मुलाचे आईवडील नातेवाइकांना ‘दुबईला चाललाय’ एवढंच सांगून मोकळे होतात. सोपं पडतं ते, पण गैरसमजांना सुरुवात तिथूनच होते.

अल ऐन अबुधाबी अमिरातीत, ओमानच्या सीमेला खेटून आहे. दुबई आणि अबुधाबी, दोन्ही साधारण दीड तासाच्या रस्त्यावर. इथे समुद्र नाही, मेट्रो नाही, आणि इमारती मुद्दाम बुटक्या ठेवल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी झगमगाट शोधणाऱ्याला इथे करमणार नाही. अभ्यासासाठी शांतता हवी असेल त्याने मात्र जरूर यावं.

मग नुसती वाळूच असणार, हा दुसरा समज. अरबीत ‘ऐन’ म्हणजे झरा. गावाच्या ऐन मध्यात सुमारे 1,200 हेक्टरचं मरुवन आहे आणि त्यात जवळजवळ दीड लाख खजुराची झाडं. त्यांना पाणी मिळतं ते ‘फलज’मधून: डोंगराच्या पायथ्याचं भूजल उताराच्या भुयारी पाटाने, पंपाशिवाय बागेपर्यंत आणायचं. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी ठरते, तशीच तिथेही ठरत आली आहे. औरंगाबादची मलिक अंबरची नहर ज्याने पाहिली आहे, त्याला हे तंत्र लगेच ओळखू येईल. फरक वयाचा. अंबरची नहर सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, तर अल ऐन परिसरातले जुने फलज सुमारे 3,000 वर्षांपूर्वीचे. हफीत डोंगराजवळची दगडी थडगी तर 5,000 वर्षांपूर्वीची आहेत. या साऱ्या ठिकाणांना 2011 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, संयुक्त अरब अमिरातीत सर्वांत आधी. ‘तेल सापडण्याआधी तिथे होतं काय?’ असं विचारणाऱ्याला मुलाने एकदा अल ऐनमधल्याच हिली इथल्या प्राचीन थडग्यांपाशी घेऊन जावं.

देशाचं पहिलं विद्यापीठही अबुधाबी किंवा दुबईत नाही, इथेच आहे. देशाचे संस्थापक शेख झायेद यांनी 1976 मध्ये संयुक्त अरब अमिरात विद्यापीठ सुरू केलं. अरबी येत नसेल तर शिकता येणार नाही ही भीती बहुतेक विषयांपुरती खोटी आहे. शरीया आणि कायद्यासारखे विषय सोडले तर शिकवणं मुख्यतः इंग्रजीत चालतं. मुलींना वाव नाही, हे तर साफ चूक. त्या विद्यापीठात मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच जास्त आहे. वसतिगृहं मात्र वेगळी, आणि जाण्यायेण्याचे नियम कडक. ते आधीच वाचून घ्या, नंतर मुलीला मनस्ताप नको.

पैशाच्या बाबतीत स्वप्नरंजन नको. सरकारी विद्यापीठ तिथल्या नागरिकांसाठी मोफत असलं तरी परदेशी विद्यार्थ्याला फी भरावी लागते. ‘पडेल ते काम करून फी काढू’ हेही चालत नाही. परवान्याशिवाय काम करणं बेकायदा आहे. वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात परतायचं असेल तर ‘नीट’ परीक्षेतली पात्रता, किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, हे भारतीय नियम प्रवेशापूर्वी ताडून पाहा.

उन्हाळ्याची धास्ती निम्मी खरी. पारा 45 च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्याला कंटाळलेली अबुधाबीची माणसं पूर्वी उन्हाळ्यात इथेच मुक्कामाला येत.

‘सीमेपलीकडचं बुरैमी तर हाकेच्या अंतरावर’ म्हणून सहज पलीकडे जाता येत नाही. तो ओमान आहे; पासपोर्ट आणि व्हिसाचे नियम लागू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, पण कॉलवर तिथे निर्बंध आहेत. पहिल्या रात्री फोन लागला नाही म्हणून आईने घाबरू नये. बोटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप दोघांनीही आधीच घेऊन ठेवावं.

आणि बॅग भरताना: कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आधी मंजुरी घेतल्याशिवाय ठेवू नका. खसखशीवरही तिथे बंदी आहे, मसाल्यातल्यासुद्धा. अनारसे द्यायचेच असतील तर तीळ लावून करा.