जुन्या गाडीला नवे ब्रेक

दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा. लगेच ऊब जाणवते ना? मोटारीचा ब्रेकही हेच करतो. गाडीच्या गतिज ऊर्जेचे तो घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतो.

मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू गाडीला अमेरिकेत पिकअप म्हणतात. 1970 सालची शेव्हरोलेट सी-20 ही अशीच एक दणकट गाडी. तिच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक असत. 1971च्या गाड्यांपासून पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक आले. जुनी गाडी जपणारे कित्येक मालक नंतर हा बदल करून घेतात. तो कशासाठी?

थोडे गणित करू. मालासह 3,000 किलोग्रॅमची गाडी ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर वेगाने जात आहे. निम्म्या वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणा. उत्तर येते 9,37,500 जूल. एवढ्या उष्णतेने 30 अंश सेल्सिअसचे तीन लिटर पाणी उकळीला येईल! हीच गाडी 300 मीटर उंचीचा उतार एकाच वेगाने उतरली, तर 88,20,000 जूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे नऊपटींहून अधिक. चालकाने सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर ही उष्णता जाणार कोठे?

ड्रम हा चाकाबरोबर फिरणारा डबा. ब्रेक दाबला की आतले दोन शू त्याच्या भिंतीवर घासतात. उष्णता डब्यातच कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो. शूच्या लायनरचे घर्षणही घटते. पाय खोल जातो, पण गाडी मात्र आवरत नाही.

डिस्क-ब्रेकची कल्पना सायकलवरून येईल. सायकलचे रबरी ठोकळे रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात; येथे पॅड बिडाच्या चकतीला तसेच पकडतात. चकती उघड्या वाऱ्यात फिरते, म्हणून लवकर निवते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या चाकांना जास्त काम पडते, म्हणून बदल आधी तेथेच करतात.

पण नुसती चकती बसवून भागत नाही. फिरता ड्रम शूला स्वतःकडे ओढून पकड वाढवतो; चकती अशी मदत करत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती पुढच्या नळीत राहिली तर पॅड चकतीला घासतच राहतात. शिवाय पुढच्या-मागच्या दाबांचे प्रमाण जुळले नाही, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी घसरते. ब्रेक ऑइलही हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ते उकळले की नळीत वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे दाब चाकापर्यंत पोहोचत नाही.

मग नव्या ब्रेकने गाडी निम्म्या अंतरात थांबेल का? नाही. जुने ब्रेक थंड असताना चाके जाम करू शकतात, आणि त्यापुढची मर्यादा टायर व रस्ता यांच्यातील घर्षण ठरवते. खरा फायदा पहिल्या वेळी दिसत नाही. लांब उतारावर दहाव्यांदा पाय दाबताना दिसतो. तेथेही शहाणा चालक खालचा गिअर टाकून थोडे काम इंजिनावर सोपवतोच.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. याच गाडीचा वेग ताशी 45 किलोमीटर असता, तर थांबताना किती उष्णता निर्माण झाली असती? उत्तर निम्मे नाही, बरे का!