पुढचे सर, मागच्या मॅडम

सिंगापूरची शैक्षणिक सहल हल्ली पुण्या-मुंबईतल्या शाळांना नवीन राहिलेली नाही. विमान, हॉटेल, बस, तिकिटं सगळं सहल-कंपनी बघते. मग सोबत जाणारे शिक्षक काय करतात? फुकटात फिरून येतात, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. पण कंपनीच्या लेखी मुलं म्हणजे प्रवाशांची यादी असते. त्यातल्या कुणाला दमा आहे, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण रात्री आईशिवाय झोपत नाही, हे शिक्षकालाच ठाऊक असतं. पालकांनी विमानतळावर सोडलेलं मूल पुन्हा त्यांच्या हाती देईपर्यंत ते शिक्षकाच्या ताब्यात असतं.

काम सुरू होतं पासपोर्टपासून. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यामुळे लहानपणी दुबईला जाऊन आलेल्या मुलाचा बहुधा संपलेला निघतो. परतीनंतरही सहा महिने मुदत उरत असेल तर निर्धास्त राहावं. नवा काढायचा तर आई-वडील दोघांच्या सहीचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ लागतं. पालक वेगळे राहत असतील तर इथेच गाडी अडते, म्हणून ही चौकशी शिक्षकाने आधी आणि खासगीत करावी. पालकसभेत चारचौघांत नव्हे. व्हिसाचा अर्ज कंपनी भरते. मूल अमुक शिक्षकांबरोबर जात आहे, गरज पडल्यास उपचारांचा निर्णय ते घेऊ शकतात, असं दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र नोटरी करून शिक्षकाने जवळ ठेवावं. विमानतळावर कदाचित कोणी विचारणारही नाही, दवाखान्यात मात्र विचारू शकतात.

सिंगापूरला पोहोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दुसरीच कुणाची तरी असतात. त्यात ईमेलचा पत्ता शिक्षकाचा द्यावा, कारण सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, राहण्याची परवानगी त्या ईमेलवर येते. बाबांच्या ऑफिसच्या पत्त्यावर गेलेली परवानगी रात्री अकराला शोधायची वेळ कुणावरही येऊ नये.

बॅगांचा विषय पालकसभेत काढला की हशा होतो, पण खसखस हे प्रकरण गंभीर आहे. सिंगापूरमध्ये ती अंमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध वस्तूंत मोडते. म्हणजे आजीने प्रेमाने बांधून दिलेले अनारसे घरीच राहू द्यावेत. च्युइंगम नको. कोडीनचं खोकल्याचं औषध तिथे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. इतर औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

पहिला दिवस सगळ्यात अवघड. मुंबईहून रात्रीच्या विमानाने निघालं की साडेपाच तासांत सिंगापूर येतं, घड्याळ अडीच तास पुढे जातं, आणि हॉटेलच्या खोल्या दुपारीच मिळतात. न झोपलेली मुलं घेऊन सकाळभर फिरणं म्हणजे रडारड आणि उलट्या. कंपनीने त्या सकाळी मोठा कार्यक्रम ठेवला असेल तर शिक्षकाने आधीच भांडून तो बदलून घ्यावा. बाग, नाश्ता, सावली, बस्स.

मोजणी हा या नोकरीचा कणा. प्रत्येक मुलाला क्रमांक आणि जोडीदार. नावं वाचत बसू नये. मुलांनी आपापला क्रमांक ओरडायचा, म्हणजे गाळलेला आकडा लगेच कळतो. एक शिक्षक पुढे, एक मागे, आणि मागच्याने फोटो काढायचे नाहीत. मुली असतील तर शिक्षिका हवीच. मेट्रोत शिरण्याआधी नियम पाठ करून घ्यावा: फलाटावर राहिलात तर जागचे हलू नका, चुकून पुढे गेलात तर पुढच्याच स्टेशनवर उतरून थांबा. मागचे शिक्षक तिथे येतील. पासपोर्ट शिक्षकांकडे, झेरॉक्स मुलांकडे. एखादा पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांत तक्रार, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय, आणि परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र. यात एक शिक्षक अडकून पडतो, म्हणून एकट्या शिक्षकाने कधीच जाऊ नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक तिथे ९९५.

जेवणात एक गंमत होते. चिनी शाकाहारी हॉटेलात सोयाबीन किंवा गव्हापासून केलेलं ‘बदक’ हुबेहूब बदकासारखं दिसतं आणि जैन घरातली मुलं ताटावरून उठतात. आधी सांगून ठेवलं तर तीच मुलं ते कुतूहलाने चाखतात. काहीच रुचलं नाही तर सेरंगून रोडवरचं १९४७ पासूनचं डोसा-इडलीचं हॉटेल ‘कोमला विलास’ आहेच. एक डोसा खाऊन मूल पुन्हा माणसात येतं.

आता ‘शैक्षणिक’ या शब्दाचं काय? युनिव्हर्सल स्टुडिओज सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्यासाठी शिक्षक लागत नाही. मरीना बॅराजला लागतो. २००८ मध्ये खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या या धरणामुळे शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव झाला. देशाच्या सुमारे एक षष्ठांश भागावर पडणारा पाऊस त्यात येतो. जोराचा पाऊस आणि ओहोटी असेल तर नऊ दरवाजे उघडून जास्तीचं पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दरवाजे बंद ठेवून सात पंपांनी ते बाहेर फेकतात. २६ जुलै २००५ च्या पुराबद्दल घरी ऐकलेल्या मुंबईच्या मुलाला हे लगेच कळतं, फक्त कुणीतरी जुळवून द्यायला हवं. जाण्यापूर्वी वर्गात एकच प्रश्न द्यावा: मुंबईतलं हाजी अलीचं पाणी उपसणारं उदंचन केंद्र आणि हे धरण यांत साम्य काय, फरक काय? गाइड इंग्रजीत भरभर बोलतो; प्रश्न हातात असला तर मुलं त्याला थांबवतात. प्रश्न नसेल तर गच्चीवरच्या हिरवळीवर पतंग बघत बसतात. तेही वाईट नाही म्हणा.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी एक आणि रात्री एक निरोप पुरे. दर तासाला फोटो टाकायची सवय लावली, की एका फोटोत मूल दिसलं नाही म्हणून फोन सुरू होतात.

परतल्यावर मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी शेवटची मोजणी. बाहेर मध्यरात्रीची गर्दी, काका, मामा, ड्रायव्हर. आधी लिहून दिलेल्या व्यक्तीच्याच हाती मूल आणि पासपोर्ट द्यावा, समोर सही घ्यावी. कुणाचे बाबा वाहतुकीत अडकले असतील तर एका शिक्षकाला थांबावंच लागतं. कंपनीचा माणूस तोवर टॅक्सी पकडून गेलेला असतो.